'मिसुमिसो' : सूड पुरा होतो, तरी समाधान का होत नाही?

प्रश्न असा आहे : "एइसुके नाइतो यांचा 'मिसुमिसो' हा जपानी चित्रपट नुकताच पाहिला. शाळेत छळली गेलेली मुलगी आपल्या घराची राखरांगोळी करणाऱ्या वर्गमित्रांना एकेक करून संपवते. त्यांची करणी पाहता त्यांच्या मरणाने बरे वाटायला हवे होते. पण पहिल्या काही खुनांनंतर मला त्या मुलीचीच भीती वाटू लागली आणि शेवटी नुसते सुन्न व्हायला झाले. हा दिग्दर्शनाचा दोष आहे, की तसेच व्हावे असा हेतू आहे? शिवाय यात भूत नाही, शाप नाही. मग याला भयपट का म्हणतात? माझा मुलगा दहावीत आहे आणि तोही हा चित्रपट पाहायचे म्हणतो आहे. त्याला पाहू द्यावा का?"

तुम्हाला जे वाटले ते दिग्दर्शकाला अभिप्रेतच होते, आणि ते कसे घडवून आणले आहे हे चित्रपटाच्या रचनेवर बोट ठेवून दाखवता येते. चित्रपटात दोष आहेत, त्यांच्याकडे मी पुढे येणार आहे. पण समाधान न होणे हा त्यांतला नव्हे. मी व्यवसायाने संकलक आहे आणि चित्रपट रसास्वादाच्या वर्गांतून जपानी भयपट बरीच वर्षे शिकवत आले आहे. त्यामुळे कथेतल्या न्याय-अन्यायाआधी माझे लक्ष कोणता शॉट किती वेळ ठेवला आहे आणि कुठे कापला आहे याकडे जाते, आणि उत्तरही मी त्याच अंगाने देणार आहे. त्यासाठी दोन चित्रपटांची कथानके बरीचशी उघड करावी लागतील. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी पुढे वाचायचे की नाही ते आताच ठरवावे.

'मिसुमिसो' २०१८ साली जपानमध्ये प्रदर्शित झाला. रेन्सुके ओशिकिरी यांच्या त्याच नावाच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, तो आधारलेला आहे. ही चित्रकथा २००७ ते २००९ या काळात एका भयकथा मासिकातून क्रमशः येत होती. (याच ओशिकिरींनी पुढे व्हिडिओ गेमच्या वेडावर एक हलकीफुलकी प्रेमकथाही काढली. दोन्ही एकाच माणसाच्या हातची आहेत यावर विश्वास बसत नाही.) नायिका हारुका नोझाकी ही टोकियोत वाढलेली मुलगी वडिलांच्या बदलीमुळे बर्फाळ डोंगराळ भागातल्या एका लहान गावी येते. तिथल्या माध्यमिक शाळेचे हे शेवटचे वर्ष आहे. मुलेच उरली नसल्याने हा वर्ग बाहेर पडला की शाळेला टाळे लागणार. हे कथेच्या सोयीसाठी रचलेले नाही. जपानमध्ये २००२ ते २०२० या काळात साडेआठ हजारांहून अधिक सरकारी शाळा बंद झाल्या, आणि घटत्या लोकसंख्येची गावे त्यांत मोठ्या प्रमाणावर होती. जिथे जन्मभर सोबत असलेल्या मूठभर मुलांखेरीज कोणी नाही आणि जिथून बाहेर पडायची वाटही दिसत नाही, अशा वर्गात शहरातली एक मुलगी मध्येच येऊन बसते, आणि तिचा छळ सुरू होतो.

आता पुढची साखळी बारकाईने पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यात आहे. छळ असह्य झाल्यावर हारुकाचे शाळेत जाणे थांबते. वर्गाला तेव्हा दुसरे सावज लागते, आणि ते रुमी सायामा या दबून राहणाऱ्या मुलीच्या रूपाने मिळते. हारुका येण्यापूर्वीही रुमीच सावज होती. हारुका आल्याने तिला मध्यंतरी उसंत मिळाली होती एवढेच. पुन्हा तीच पाळी आल्यावर ती स्वतःला वाचवण्यासाठी हारुकाचा काटा काढण्याची भाषा करते. बाकीचे तिला चढवतात, खिजवतात, "बोललीस ना, मग कर" या थराला नेतात, आणि हे टोळके नोझाकींच्या घरी जाऊन पोचते. घर पेटते. आई-वडील जळून मरतात, धाकटी बहीण शोको गंभीर भाजून रुग्णालयात पडते. एवढे मोठे कृत्य घडते, पण "हे करायचे" असा निर्णय शांतपणे एका कोणी घेतलेला दिसत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर एक पाऊल पुढे टाकतो आणि मागे फिरणारा पहिला कोण, या लाजेने कोणीच फिरत नाही.

नेहमीच्या सूडपटाचे गणित याच्या अगदी उलट असते. तिथे गुन्हेगारांची उतरंड आखलेली असते. खालचे हस्तक आधी मरतात, सूत्रधार शेवटी मरतो. प्रत्येकाच्या मरणाआधी त्याने काय केले होते याची आठवण प्रेक्षकाला करून दिली जाते, बहुधा छोट्या पूर्वदृश्याने, म्हणजे हिशेब ताजा राहतो. मारल्यानंतर नायकाच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबून आपल्याला एक श्वास घेऊ दिला जातो. संकलनाच्या टेबलावर हे अक्षरशः मोजून करता येते : आठवण, घाव, श्वास, आणि पुढच्याकडे प्रस्थान. समाधान हे बरेचसे या लयीतून तयार होते, कथेतल्या न्यायातून त्या मानाने कमी.

'मिसुमिसो'मध्ये ही लय जाणूनबुजून मोडली आहे. पहिला सूड उजेडी, बर्फाच्या उघड्या पांढऱ्या विस्तारात घडतो. समोर आहेत त्या सूत्रधार नाहीत. हारुकाला आता तूही मर म्हणून सतावायला आलेल्या, टोळक्यातल्या मुली आहेत. हारुकाच्या हातात ठरवून आणलेले अस्त्र नाही, जे सापडते तेच शस्त्र होते. घाव बसतो आणि तिथे कापायला हवे अशी कोणत्याही संकलकाची बोटे सांगतील, पण शॉट चालूच राहतो. जीव लगेच जात नाही. घायाळ शरीर बर्फात सरपटते आणि मागे लाल पट्टा उमटत जातो. मरणारी मुलगी त्या वेळी खलनायिका दिसत नाही. थंडीत घाबरलेले चौदा-पंधरा वर्षांचे पोर दिसते. दिग्दर्शकाने श्वास घ्यायची जागा काढून घेतली आहे आणि तिथे दुसऱ्याची तडफड ठेवली आहे. तुम्हाला हारुकाची भीती वाटू लागली ती नेमकी इथून. आपण तिच्या बाजूने बसलेलो असतो, आणि कॅमेरा मात्र तिच्या समोरच्याजवळ जाऊन बसतो.

ही भूमिका करणारी आन्ना यामादा तेव्हा विशीच्याही आतली होती. रागाने लाल होणे, ओरडणे, दात-ओठ खाणे हे सगळे तिने टाळले आहे. आग लागल्यानंतर हारुकाचा चेहरा जवळजवळ कोरा आहे. रसास्वादाच्या वर्गात काही विद्यार्थी याला अभिनयाची मर्यादा म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात, भुताच्या प्रश्नात, आहे.

जपानी परंपरेत सूड घेण्याचे काम पूर्वापार मृतांकडे आहे. अन्यायाने मेलेल्या माणसाचा कोप झालेला आत्मा, ज्याला तिथे ओनऱ्यो म्हणतात, तो जिवंतांच्या जगात परततो आणि हिशेब चुकता करतो. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सुगावारा नो मिचिझाने या विद्वान मंत्र्याचे. दरबारी कारस्थानाने त्याला क्यूशू बेटावरच्या दाझाइफूला पाठवले गेले आणि ९०३ साली तो तिथेच मेला. नंतर राजधानीत प्रतिस्पर्ध्यांचे मृत्यू झाले, ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळली, आणि हा मिचिझानेचाच कोप असे मानून त्याला सन्मान परत देण्यात आले, क्योतोत कितानो येथे त्याचे देवस्थान उभे राहिले. आज तो विद्येचा देव आहे, आणि प्रवेशपरीक्षेच्या दिवसांत जपानी विद्यार्थी त्याच्याच देवळात लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगतात. म्हणजे परीक्षेला बसणारी मुले ज्याच्यापुढे हात जोडतात तो मुळात छळाचा बळी आणि सूड घेणारा आत्मा आहे. कोणा पटकथाकाराने हे रचले असते तर फार जुळवून आणल्यासारखे वाटले असते.

१८२५ साली काबुकी या पारंपरिक जपानी रंगभूमीवर आलेल्या 'योत्सुया काइदान'मधली विषाने विद्रूप झालेली ओइवा असो, की १९९८ च्या 'रिंगू' या भयपटातली विहिरीतली सादाको असो, बांधणी तीच राहते : जिवंतपणी जिचे काहीच चालले नाही, तिला मेल्यावर सामर्थ्य मिळते. भुताला शस्त्र लागत नाही, त्याचा हात थरथरत नाही, त्याला दमही लागत नाही, पोलिसांचे तर नावच नको. प्रेक्षक तो सूड पूर किंवा वादळ यांच्यासारखा स्वीकारतो आणि त्याच्या योग्यायोग्यतेचा विचार करत बसत नाही. सादाकोचा शाप तर दोषी-निर्दोष असा भेदही करत नाही, तरी "हे अन्यायाचे आहे" असे म्हणत कोणी चित्रपटगृहाबाहेर पडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

नाइतो यांनी हीच भूमिका जिवंत मुलीला दिली आहे. हारुकाचा कोरा चेहरा, तिचे कमी बोलणे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिचे अचानक उभे दिसणे, ही सगळी ओनऱ्योची वेशभूषा आहे. पण आत माणूस आहे. तिला लागते, रक्त येते, ती पडते, धडपडत उठते. भुताच्या बाबतीत जे प्रश्न आपण सोडून देतो ते सगळे इथे परत येतात, आणि म्हणून याला भयपट म्हणण्यात मला काहीच खटकत नाही. भयपटाची ओळख त्यात भूत आहे की नाही यावर ठरवू नये. ज्याच्यापासून सुटका नाही आणि ज्याच्याशी बोलणी करता येत नाहीत असे काही त्यात आहे का, ते पाहावे. इथे तसे दोन आहेत. हारुका हे त्यांतले नंतरचे. पहिले तो वर्ग आहे.

जपानी शाळेतला वर्ग कसा चालतो हे लक्षात घेतले की ही गोष्ट स्पष्ट होते. मुले वर्षभर एकाच खोलीत, एकाच तुकडीत असतात. शिक्षक तासागणिक बदलतात. हे आपल्याकडेही तसेच असल्याने मराठी प्रेक्षकाला ते समजावून सांगावे लागत नाही. पण तिथे बहुतेक ठिकाणी दुपारचे जेवणही त्याच खोलीत, वर्गातल्याच मुलांनी वाढलेले असते, खोली झाडण्या-पुसण्याची पाळीही मुलांचीच असते, सहली आणि क्रीडादिन तुकडीनिशी होतात. तुकडीने एखाद्याला वगळायचे ठरवले तर त्याला दिवसाचा एकही तास मोकळा मिळत नाही. वगळण्याच्या खुणाही अगदी घरगुती असतात. शाळेत शिरताना काढून ठेवायच्या आणि आत घालायच्या चपलांचे जे कप्पे असतात त्यांतून नेमके एकाचेच जोडे गायब होतात. सकाळी बाकावर फुलदाणी ठेवलेली असते, त्या बाकावरचा विद्यार्थी वारल्यावर ठेवतात तशी, आणि तो विद्यार्थी दारात उभा राहून ती पाहत असतो. जपानी चित्रपटांत ही फुलदाणी दिसली की तिथल्या प्रेक्षकाला पुढचे काही सांगावे लागत नाही. आपल्याला ती नुसती सजावट वाटून जाण्याचा संभव आहे.

ही खूण हवेतून आलेली नाही. १९८५ साली टोकियोतील नाकानो भागातल्या एका माध्यमिक शाळेत एका मुलाच्या खोट्या अंत्यविधीचा खेळ मांडला गेला. त्याच्या बाकावर फुले आणि उदबत्ती ठेवण्यात आली आणि निरोपाच्या कागदावर वर्गमित्रांच्या सह्यांबरोबर चार शिक्षकांच्याही सह्या होत्या. काही आठवड्यांनी, १९८६ च्या फेब्रुवारीत, त्या मुलाने जीव दिला. या आणि अशा घटनांनंतर 'इजिमे', म्हणजे गटाने एकाचा चालवलेला छळ, हा जपानमध्ये राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला. समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी त्याच दशकात त्याची चार थरांची मांडणी केली : छळला जाणारा, छळणारे, भोवती जमून मजा घेणारे, आणि पाहूनही न पाहिल्यासारखे करणारे. मोरितांचा भर शेवटच्या दोन थरांवर होता, कारण छळ वाढतो की विझतो हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरते. २०११ मधल्या ओत्सू शहरातल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर २०१३ साली छळ रोखण्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला. २०२३-२४ या वर्षात जपानी शाळांनी नोंदवलेली प्रकरणे ७,३२,५६८ होती. हा आकडा वाचताना एक ध्यानात ठेवावे, की व्याख्या रुंदावल्यामुळे आणि शाळांनी लहान प्रकरणेही नोंदवावीत असा आग्रह धरल्यामुळेही तो वाढला आहे.

माझ्या वर्गांत मी मोरितांचे थर चित्रपटाला लावायला सांगते. एखादे छळाचे दृश्य थांबवायचे आणि चौकटीत कोण कुठे बघते आहे ते पाहायचे. 'मिसुमिसो'मध्ये असे केले तर नजरेत भरते की दिग्दर्शकाने चौथा थर जवळजवळ काढूनच टाकला आहे. वर्ग इतका लहान आहे की नुसते बघे राहायला जागाच नाही. तुम्ही एक तर टोळक्यात असता किंवा पुढचे सावज असता. उरलेली एकमेव बघी म्हणजे वर्गशिक्षिका मिनामी, आणि ती डोळ्यांदेखत चाललेल्या गोष्टीकडे काणाडोळा करते. नाइतो यांनी स्वतः विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शाळेत शिक्षक म्हणून काम केले आहे, आणि मला वाटते की या पात्राबद्दलची त्यांची चीड आतली आहे. वर्ग सांभाळता येत नाही हे कळून चुकलेल्या मोठ्या माणसाची घुसमट त्यांनी दाखवली आहे, पण तिला माफी दिलेली नाही.

इथे दुसऱ्या चित्रपटाकडे वळावे लागेल, कारण हाच विषय उलट बाजूने कसा मांडता येतो हे त्याशिवाय समजणार नाही. तेत्सुया नाकाशिमा यांचा 'कोकुहाकु' २०१० साली आला. कानाए मिनातो यांच्या २००८ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. त्यात सूड घेते ती शिक्षिका. युको मोरिगुची ही शिक्षिका सत्राच्या शेवटच्या दिवशी वर्गासमोर उभी राहून, आवाज तसूभरही न चढवता सांगते, की तिची चार वर्षांची मुलगी पोहण्याच्या तलावात अपघाताने बुडाली नाही, याच वर्गातल्या दोन मुलांनी तिला मारले. पुढे ती सांगते, की त्या दोघांच्या दुधाच्या खोक्यांत तिने एचआयव्ही-बाधिताचे रक्त मिसळले आहे. सुमारे अर्धा तास चालणारे हे निवेदन ताकाको मात्सु या अभिनेत्रीने ज्या थंडपणे पेलले आहे त्याला तोड नाही. सुरुवातीला वर्गात गोंगाट आहे, मुले दूध पीत आहेत, मोबाइलवर निरोप धाडत आहेत, कोणी ऐकत नाही. आणि बोलता बोलता एकेक आवाज विझत जातो. या चित्रपटाला जपान अकादमीची सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा यांच्याबरोबर संकलनाचीही पारितोषिके मिळाली, आणि त्या पहिल्या अर्ध्या तासासाठीच ती द्यावीत असे माझे मत आहे.

मोरिगुची पोलिसांकडे का जात नाही, याचे उत्तर कायद्यात आहे. जपानमध्ये १४ वर्षांखालील मुलाला फौजदारी शिक्षा होत नाही. १९९७ मध्ये कोबे शहरात एका १४ वर्षांच्या मुलाने केलेल्या खुनांनी देश हादरला. त्या वेळी बालगुन्हेगारीच्या कायद्यामुळे १६ वर्षांखालच्यांवर खटलाच चालवता येत नसे. २००० साली कायदा बदलला आणि २००१ पासून ही मर्यादा १४ वर आली. 'कोकुहाकु'तली मुले १३ वर्षांची आहेत, आणि हे त्यांना आणि शिक्षिकेला, दोघांनाही ठाऊक आहे. कायद्याने मोकळी सोडलेली जागा ती स्वतः भरून काढते. अशा दुधातून एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता नगण्य आहे. पण तिला रोग द्यायचाच नाही, तिला वर्गाच्या हाती एक कारण द्यायचे आहे. ती निघून जाते, आणि मग वर्ग त्या दोघांतल्या शाळेत येत राहणाऱ्या मुलाचा छळ सुरू करतो, तोही न्याय करत असल्याच्या थाटात. दुसरा स्वतःला घरात कोंडून घेतो. म्हणजे इथे छळ हाच सुडाचे हत्यार झाला आहे. मोरितांच्या भाषेत बोलायचे तर ती मजा घेणाऱ्यांचा थर आपल्या कामाला लावते.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की फरक कळतो. 'कोकुहाकु'मध्ये सूड ही माहिती आहे : कोणाला काय कळले, कधी कळले, यावर तो चालतो, आणि त्यामुळे प्रेक्षकाला बुद्धीचा आनंद मिळतो, थोडे समाधानही मिळते, जे नंतर मनाला खात राहते. 'मिसुमिसो'मध्ये सूड हे अंगमेहनतीचे काम आहे. प्रत्येक मरणाला वजन आहे, आणि बुद्धीला विसावायला जागा नाही. पहिल्यात आपण कौतुकाने पाहत राहतो आणि मग त्या कौतुकाची लाज वाटते. दुसऱ्यात कौतुक करायची संधीच मिळत नाही.

'मिसुमिसो'तला आणखी एक धागा सांगायला हवा, कारण सुन्नपणा बराचसा त्यातून येतो. मित्सुरु आइबा हा छायाचित्रणाची आवड असलेला मुलगा वर्गात हारुकाच्या बाजूने उभा राहणारा एकटाच. हिरोया शिमिझु या अभिनेत्याने तो इतका गोड उभा केला आहे, की कथेत उजेडाची एक तिरीप आहे असे आपण धरून चालतो. नंतर कळते की त्याचे प्रेम हा नुसता मालकी हक्क आहे, त्यामागे हिंसा आहे, आणि आगीत जळणाऱ्या हारुकाच्या वडिलांचे छायाचित्र त्याने काढले होते. छळणाऱ्यांच्या यादीत नसलेला, आपण वाचवणारा समजून बसलेला मुलगा घर पेटताना डोळ्याला कॅमेरा लावून उभा होता. मोरितांचा हरवलेला चौथा थर इथे सापडतो. उलट ताएको ओगुरो, जिच्याभोवती टोळके फिरते असे सुरुवातीला वाटते, ती हळूहळू वेगळीच निघते. हारुकाशी तिची एके काळी मैत्री होती आणि ती तुटल्याची जखम तिच्यात ओली आहे. सुडाची उतरंड म्हणतात ती अशी दोन्ही टोकांनी कोसळते. सर्वांत वरची मुलगी सर्वांत दोषी ठरत नाही, आणि सर्वांत जवळचा निर्दोष उरत नाही. अशा वेळी समाधान कोणाच्या मरणाला जोडायचे, हे प्रेक्षकाला कळेनासे होते.

आता दोष. पहिला म्हणजे पात्रांची गर्दी. चित्रकथेला क्रमशः यायला दोन वर्षे मिळाली होती. चित्रपटाला दोन तासही नाहीत. त्यामुळे टोळक्यातली काही मुले दोन-चार दृश्यांत उरकली आहेत आणि त्यांच्या मरणात तो जडपणा येत नाही. तिथे नुसती 'आता कसा मारणार' अशी उत्सुकता उरते, जी बाकीच्या चित्रपटाच्या विरोधात जाते. दुसरा म्हणजे रक्ताचे प्रमाण. पांढऱ्यावर लाल हे दृश्य पहिल्यांदा अंगावर येते, चौथ्यांदा ते चित्र म्हणून सुंदर दिसू लागते, आणि दिग्दर्शकाला त्याचा मोह आवरलेला नाही. तिसरा आक्षेप विद्यार्थी नेहमी घेतात : मुले नाहीशी होत आहेत, मग पोलीस, पालक, गाव कुठे आहेत? याला मी अर्धाच दोष मानते. मोठ्यांची गैरहजेरी हा कथेचा विषय आहे हे खरे. पण विषय असणे आणि कथेत ती पटेलशी उभी करणे यांत अंतर आहे, आणि ते इथे भरलेले नाही. 'कोकुहाकु'त कायद्याच्या एका वाक्याने ते भरले गेले आहे.

नाइतो यांना स्वतःलाही ही उणीव जाणवली असावी असे मला त्यांच्या २०२० च्या 'युरुसारेता कोदोमोताची'वरून वाटते. त्यात वर्गमित्राला मारलेला १३ वर्षांचा मुलगा कायद्याच्या कचाट्यातून सुटतो, आणि नंतर इंटरनेटवरचे अनोळखी लोक त्याच्या कुटुंबाच्या मागे लागतात. तिथे रक्त फार कमी आहे आणि मोठी माणसे भरपूर. 'मिसुमिसो'ने अस्वस्थ झालेल्या प्रेक्षकाने पुढे पाहावा असा तो चित्रपट आहे.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. 'मिसुमिसो' आणि 'कोकुहाकु' या दोहोंना जपानमध्ये आर१५+ हे प्रमाणपत्र आहे, म्हणजे १५ वर्षांखालच्यांना चित्रपटगृहात प्रवेश नाही. 'कोकुहाकु'तली पात्रे ज्या वयाची आहेत त्या वयाच्या मुलांना तो पाहता आला नाही, यावर तिथे तेव्हा कुरकूरही झाली होती. मुलगा दहावीत असल्याने वयाची अट तो जेमतेम ओलांडत असेल, पण नुसते वय पाहून मी होकार देणार नाही. त्याने आधी 'कोकुहाकु' पाहावा, आणि तुम्ही सोबत असावे. त्यातले रक्त सोसण्याजोगे आहे, आणि बोलण्यासारखे मुद्दे जास्त आहेत. तो त्याला झेपला आणि त्यावर त्याला बोलावेसे वाटले, तर 'मिसुमिसो' बारावीनंतर. मात्र शाळेत सध्या त्याला कोणी त्रास देत असेल, किंवा तो कोणाला त्रास देणाऱ्या घोळक्यात असेल, तर दोन्ही चित्रपट तूर्त बाजूला ठेवा. त्याला हा चित्रपट नेमका का पाहायचा आहे हे आधी विचारा, आणि उत्तर द्यायला त्याने वेळ घेतला तर घेऊ द्या. आगीची आणि भाजलेल्या लहान मुलीची दृश्ये बरीच स्पष्ट आहेत. घरात कोणाला तसा अनुभव आलेला असेल तर मोठ्यांनीही हा चित्रपट टाळलेला बरा.